वेरूळ-अजिंठ्याला भजे-भाकरीचे किती मोजायचे?

आधी वार बघा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, सोमवारी अजिंठ्याची. मग घरून न्याहारी करून निघा, कारण भुकेल्या माणसाला भाव विचारायचा धीर राहत नाही. मी वेरूळजवळच्या कन्नड गावची. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना वेरूळला न्यायचं काम माझ्याकडेच असतं आणि खाण्याचे पैसे ते डोळे झाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भज्यांचा भाव विचारताना नुसतं "प्लेट केवढ्याला?" म्हणून थांबू नका. आमच्याकडे बसस्टँडवर भजे तोलून घेतात. कागदात बांधून वर तळलेल्या मिरच्या टाकतात. पर्यटकांच्या वाटेवर तेच भजे प्लेटीत मोजून येतात आणि प्लेट कधी चार भज्यांची, कधी आठाची. म्हणून थेट विचारा, "मामा, पाव किलो कसे दिले?" या प्रश्नाने समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक इकडचंच आहे. कढईत घाणा चालू असेल तरच घ्या. परातीतल्या गार भज्यांना चढा भाव देण्यात अर्थ नाही.

चहाला चार-पाच रुपये जास्त लागले तर कुरकुर करू नये. गाडेवाल्याची कमाई पावसाळा आणि सुट्ट्यांची. भर उन्हाळ्यात लेण्यांकडे फिरकतं कोण?

खरी फसगत होते ती पिठलं-भाकरीत. 1995 मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं निघाली होती, इतकं हे गरिबाचं जेवण. आता रस्त्याकडेला खाट, कंदील आणि 'अस्सल गावरान' पाटी लावली की त्याच ताटाला हॉटेलातल्या पंजाबी भाजीचा भाव लागतो. बसायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: ताटात भाकरी किती, वरच्या भाकरीचे वेगळे पैसे आहेत का, आणि ठेचा-कांदा ताटात धरलाय का. मग चुलीकडे बघा. मावशी समोर भाकरी थापत असेल तर खुशाल पैसे द्या, मी तिथे घासाघीस करत नाही. ज्वारी स्वस्त राहिलेली नाही, आणि धुरात बसून एकेक भाकरी फुगवणं सोपं काम नाही. पण सकाळी थापलेली थप्पी फडक्यातून निघत असेल, तर तुम्ही कंदिलाचेच पैसे देताय. उठा आणि पुढे चला.

बाटलीबंद पाण्याचं गणित वेगळं. टपरीवर, दुकानात छापील किमतीहून जास्त घेता येत नाही. 'थंड करण्याचे' म्हणूनही नाही. बसून खायच्या हॉटेलला मात्र ही अट नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसा निकाल दिलाय. त्यामुळे बाटली बाहेरच्या दुकानातून घ्या. दुकानदार अडून बसला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

अजिंठ्याला जाताना जेवण सिल्लोडलाच उरका. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, तिकडे निवड थोडी. सिल्लोडच्या बाजारात जिथे शेतकरी आणि ट्रकवाले जेवतायत तिथे बसा. रोजचं गिऱ्हाईक असलेल्या ठिकाणी भाव मनाला येईल तसे वाढत नाहीत.

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या दिसतील. गाडीत बसूनच हात काढून भाव करू नका, खाली उतरा. टोपलीत वर मोठी फळं रचलेली असतात, तळाशी बारकी. "मावशी, टोपली ओतून दाखवता का?" म्हणा, बहुतेक जणी दाखवतात. डोळे उघडलेलं फळ दोन दिवसांत पिकतं, डोळे मिटलेलं घेतलंत तर पिकेलच असं नाही. लगेच खायचं असेल तर दाबून मऊ लागणारी दोन-चार वेगळी मागून घ्या. ती स्वस्तात मिळतात, कारण संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.