घर, मुलं, नोकरी आणि त्यात स्वतःचं वाचन: कसं जमवायचं

"लग्नाआधी मी खूप वाचायचे गं, आता वेळच मिळत नाही." हे मी ऑफिसात ऐकते, बिल्डिंगमध्ये ऐकते, शाळेच्या गेटबाहेर तर रोजच ऐकते. आणि ते खरंच असतं, त्यात आळस बिळस काही नाही. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो याच्या पाहणीत, आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आलं होतं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, २०२४ च्या सर्व्हेत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दिवसाची १० मिनिटं सुटली, आणि पुरुषांचाही वाटा जवळजवळ तेवढाच, ९ मिनिटांनी, खाली आला! मुलांचं करणं, आजारपणं काढणं हे त्या हिशोबात नाहीच, ते वेगळं मोजतात. तेव्हा सगळं आवरून झालं की वाचू असं म्हणत राहिलं तर आवरून कधी होतच नाही. वाचन हे घरातल्या बाकीच्या कामांसारखंच दिवसात आधी बसवायला लागतं, आणि ते बसवताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू दे की हे मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून नाही, हे तुमचं आहे.

आधी ध्येय छोटं करा. जानेवारीत "यंदा ५० पुस्तकं" असं लिहून ठेवणाऱ्या मैत्रिणी मला माहितीयेत, फेब्रुवारीत शाळेचं गॅदरिंग आणि मार्चमध्ये परीक्षा आली की त्या आकड्याकडे बघवत पण नाही. त्यापेक्षा रोज १० पानं, आठवड्यातले पाच दिवस. महिन्याला २०० पानं होतात म्हणजे एक मध्यम पुस्तक, वर्षाला डझनभर. लहान मुलं असलेल्या बाईसाठी हे भरपूर आहे, कुणी काही म्हणो.

मग ही १० पानं कधी? इथे घड्याळाची वेळ ठरवू नका. रात्री साडेनऊ ठरवलं की नेमकं साडेनऊला मुलाला आठवतं की उद्या चार्ट पेपर न्यायचाय. वेळेऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन जोडा. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती कुकरची वेळ. संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, की वाफ जिरेपर्यंत ओट्यापाशी करण्यासारखं फार काही नसतं आणि जेवायला वाढ म्हणून कुणी मागेही लागत नाही कारण कुकर उघडलेला नाही हे सगळ्यांना दिसतं. पुस्तक तिथेच, फ्रिजवर किंवा मिक्सरच्या मागच्या फळीवर ठेवायचं, बेडरूममधून आणायला गेलं की वाटेत वाळलेले कपडे दिसतात आणि मग संपलंच. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घाला, तेलाचे हात लागतातच.

दुसरी जागा मुलांच्या क्लासबाहेरची. स्विमिंग, डान्स, अबॅकस, काहीही असो, सोडून घरी जाऊन परत यायला पुरत नाही म्हणून आपण जिन्यात नाहीतर स्कूटरवर बसून फोन बघत असतो. क्लासच्या पिशवीतच एक पुस्तक कायमचं टाकून द्या, टॉवेल आणि पाण्याच्या बाटलीबरोबर. बाजूच्या आया पहिले दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी एखादी विचारेल काय वाचताय, माझ्या ओळखीत तर अशाच जिन्यावर बसून दोघीतिघींची पुस्तकांची अदलाबदल सुरू झाली. लोकलने जाणाऱ्यांना वेगळं सांगायलाच नको, फक्त गर्दीत जाड पुस्तक उघडता येत नाही तेव्हा दिवाळी अंक किंवा फोनवरचं इबुक बरं.

पोळ्या करताना ऐकायचं असेल तर स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स आहेत. कथा, कादंबऱ्या छान ऐकता येतात, विचार करायला लावणारं काही असेल तर मात्र पोळीही करपते आणि पुस्तकही डोक्यात शिरत नाही.

आता घरच्यांशी बोलणं, खरं काम इथेच आहे. "मला जरा मदत करत जा ना" असं मोघम बोलून काही होत नाही. कामाचं नाव घेऊन सांगायचं. "जेवणं झाली की अर्धा तास मी आतल्या खोलीत असेन, त्या वेळात दही विरजणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि दोघांची दप्तरं हे तुझ्याकडे." आणि मग ते दही थोडं पातळ झालं, निळी बाटली हिरव्या दप्तरात गेली तरी बाहेर यायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये, पण आपण बाहेर आलो की ते काम परत आपल्याकडेच येतं, कायमचं. पहिले काही दिवस दारावर टकटक होईलच, मुलांना आतून शांतपणे सांगायचं "बाबांना विचार".

सासूबाई किंवा आई घरात असतील तर त्यांच्यासाठीही पुस्तक आणा. वाचनालयाच्या बऱ्याच योजनांमध्ये एका वेळी पुस्तक आणि मासिक दोन्ही मिळतं, मासिक त्यांना द्या. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं वाचन संसारातच राहून गेलंय, आणि एकदा त्यांना गोडी लागली की "तू वाच, मी बघते त्याच्याकडे" हे त्यांच्याच तोंडून येतं. घरात वाचणारी दुसरी बाई असणं यासारखा आधार नाही.

मुलांचं काय, तर तुम्ही वाचत असताना त्यांनी शेजारी बसायचं असेल तर बसू दे, पण त्यांचं स्वतःचं काहीतरी घेऊन. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक किशोरच्या वेबसाईटवर फुकट वाचता येतात, अगदी छोट्यांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. झोपताना मुलांना गोष्ट वाचून दाखवणं जरूर करा, त्यात मजाच असते, पण ते तुमच्या १० पानांत धरू नका. दोन्ही एकच मानलं की काही महिन्यांनी लक्षात येतं की आपण फक्त ससा आणि कासवच वाचतोय.

पुस्तक कुठून आणायचं? विकत घेऊन कपाटात ठेवलेलं पुस्तक वाट बघत बसतं, वाचनालयाचं परत करायचं असतं म्हणून वाचलं जातं, माझा तरी हाच अनुभव. आपल्याकडे जुनी चांगली वाचनालयं आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पण एवढं लांब जायची गरज नाही, गावातलं किंवा नगरपालिकेचं बघा. थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी असते. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात म्हणून वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि भाजी आणायच्या वाटेवर जे असेल तेच निवडा, नाहीतर पुस्तक बदलायला जाणं हेच एक नवीन काम होऊन बसेल.

बरेच वर्षांनी परत सुरू करत असाल तर सहाशे पानांची कादंबरी घेऊ नका, भले ती कितीही गाजलेली असेल. कथासंग्रह घ्या, ललित घ्या, प्रवासवर्णन घ्या. आणि दिवाळी अंक! १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासूनची ही आपली चैन, आणि एका बैठकीत संपणारं लिखाण त्यात भरपूर असतं. वाचनालयं दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना काढतात, एकदा पैसे भरले की काही महिने अंक बदलून मिळतात. आठ-दहा अंक वाचले की कुठल्या लेखकाचं पुढे वाचायचं ते आपोआप कळतं. अगदीच काही जमत नसेल त्या आठवड्यात कालनिर्णयच्या पानामागचा लेख वाचा, तो पण वाचनच आहे.

चाळीसेक पानं वाचून मन लागत नसेल तर पुस्तक सरळ परत करा, पूर्ण करायलाच पाहिजे हा नियम शाळेतला.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शाळेचा काही निरोप आला तर, ही भीती असतेच, त्यासाठी शाळा, नवरा आणि आईवडील एवढ्यांच्याच कॉलची रिंग चालू ठेवता येते, ग्रुपवरचे मेसेज अर्ध्या तासाने बघितले तरी चालतात.

एक वही करा. मुलांच्या वह्यांमध्ये वर्षाअखेरीस कोरी पानं उरतात, ती काढून शिवली की झाली. पुस्तकाचं नाव, तारीख आणि आवडलेलं एखादं वाक्य, बस. समीक्षा नको.

गणपती, फराळ, परीक्षा, घरात कुणाचा ताप, या दिवसांत वाचन थांबणार हे धरूनच चाला. खंड पडला की अर्धवट राहिलेल्या पुस्तकाकडे लगेच जाऊ नका, कोण कुणाचा काका हे आठवण्यातच पहिली दहा पानं जातात. एक छोटी कथा घ्या, ती कुकरच्या वेळात संपवा, आणि दुसऱ्या दिवशी जुनं पुस्तक खुणेच्या दोन पानं आधीपासून उघडा.