पन्हाळ्याला निघण्याआधी: नव्याने बांधलेल्या अँबॅसिडर इंजिनाची गळती आणि सायलेन्सरची जागा

इंजिन नुकतं बांधलंय आणि खाली तेल टपकतंय म्हणून लगेच सील आणायला धावू नका. आधी डिझेल, ब्रश, टॉर्च आणि साधी टाल्कम पावडर जमवा. इंजिन धुऊन कोरडं करा, पावडर भुरभुरा आणि पंधरा मिनिटं चालू ठेवा. तेल खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे सगळ्यात वर जिथे पावडर भिजली तीच गळतीची जागा. क्लचच्या घंटीखाली (इंजिनामागच्या क्लचच्या कवचाखाली) थेंब दिसला तरी मूळ बऱ्याचदा रॉकर कव्हरला (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला) किंवा टॅपेट कव्हरला (बाजूच्या झाकणाला) असतं.

मग ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी. पुढच्या टॅपेट कव्हरची नळी काढून आतला चिकटा साफ करा. ती तुंबली की इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये दाब साठतो आणि कितीही नवं पॅकिंग घाला, तेल वाट काढतंच. १४८९ सीसीच्या या पेट्रोल इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील मुळातच नाही. तिथे आट्यांसारखी खाच तेल परत आत ढकलते. गाडी उभी केल्यावर दोन-चार थेंब पडले तर तो दोष मानू नये. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरलं, तर मात्र धार लागेल.

कॉर्कचं पॅकिंग बसवताना हात आवरा. जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि बोल्टांच्या मधोमध फट पडते. चेंबरची वाकलेली कड सपाट ठोकून घ्या. इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरचे बोल्ट मात्र पुली आत घालून, सील मध्यावर आल्यावरच आवळायचे. टॅपेट कव्हर मॅनिफोल्डच्या (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळकांड्यांच्या) खाली येतं, म्हणून ते काम आधी उरका, नाहीतर बसवलेला एक्झॉस्ट पुन्हा उतरवावा लागेल.

इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकत्र जोडून त्यांच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवा. ०.१० मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत शिरलं, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सरफेस मारून, म्हणजे तोंडं सपाट करून आणा. तिथे कारागिरांना वाण नाही.

आता सायलेन्सर. त्याच्या नळीची जागा मोजायची ती इंजिनाची रबरी फाउंडेशनं नवी बसवल्यावरच. जुनी दबलेली असली तर आजचं माप उद्या खोटं. नळी थंड असताना बॉडीवर, टॉर्शन बारवर (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळदार दांड्यावर) कणकेचे गोळे चिकटवा, पहारीने इंजिन दोन्ही बाजूंना हलवा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. १५ मिमीपेक्षा कमी नको. मीटरभर नळी ३०० अंशांनी तापली की साधारण साडेतीन मिलिमीटर लांबते, म्हणून क्लॅम्प आधी सैल ठेवून मॅनिफोल्डकडून मागे आवळत जा आणि हँगर रबराचेच घाला. पेट्रोलची नि ब्रेकची नळी लांबून न्या. जवळून जाणं टळत नसेल तर मध्ये पत्रा लावा, पण तो कशालाही चिकटू देऊ नका.

वाघबीळहून पन्हाळ्याचा चढ एकदा चढून आल्यावर, इंजिन पूर्ण गार झालं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासा.