हरवलेल्या करमणूक उद्यानाचा माग कसा काढावा

ज्या उद्यानाचा शोध घ्यायचा आहे, त्याच्या नावामागे लागू नये. नाव फलकाबरोबर उतरते, मालक बदलला की बदलते आणि लोकांच्या तोंडी तर ते निराळेच असते. महसुली दप्तर मात्र जमिनीच्या ओळखीवर चालते. म्हणून आधी गाव आणि सर्व्हे नंबर निश्चित करावा.

यासाठी घरचा अल्बम फार उपयोगी पडतो. माझ्याकडे ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या एका लहान उद्यानातले छायाचित्र आहे. त्यात आकाशपाळण्याच्या मागे येऊरच्या डोंगराची धार दिसते आणि तिच्यात एक खोलगट खाच आहे. ते छायाचित्र हातात धरून मी मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत ठिकठिकाणी उभा राहिलो आणि ती खाच पाळण्याच्या मागे जिथे तशीच दिसली, तिथे शोधाचे क्षेत्र दोन-तीन शेतांइतके आकसले. माणसे, झाडे, इमारती बदलतात, पण डोंगराची धार बदलत नाही, म्हणून छायाचित्रात आधी पार्श्वभूमी पाहावी.

त्यानंतर गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे उघडावीत. आकाशपाळणा उभा असल्यामुळे वरून केवळ एका रेषेसारखा दिसतो. त्याला ओळखावे ते सावलीवरून. बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास चित्र घेतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या चित्रात पाळण्याची सावली वायव्येला पडलेली असते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रे १९७२ पासूनची आहेत, परंतु १९८४ नंतरच्या चित्रांतही एक ठिपका जमिनीवरच्या ३० मीटरइतका असल्याने त्यांत पाळणा सापडणार नाही; भातशेती केव्हा मोडली एवढेच कळेल, आणि तेही कमी नाही.

जागा ठरली की सातबारा आणि त्यावरचे फेरफार पाहावेत. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक मागावे. जुने हस्तलिखित फेरफार महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेख सेवेच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर मिळू शकतात. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४४ खाली बिनशेती परवानगी दिली असेल, तर आदेशात जमिनीचा वापर कशासाठी होणार हे लिहिलेले असते आणि त्यावरून उद्यान केव्हा उभे राहिले याचा अंदाज बांधता येतो. नवी मुंबईत बराचसा भाग सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी संपादित केलेला असल्याने तिथे सर्व्हे नंबराऐवजी सेक्टर, भूखंड क्रमांक आणि भाडेपट्टा यांच्या आधारे चौकशी करावी.

एक दप्तर बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे करमणूक शुल्काचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत हे शुल्क जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसूल होत असे. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करताना ‘उद्यानाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. गाव, सर्व्हे नंबर आणि वर्षे नेमकी लिहावीत. जाहिरातींसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या (स्थापना १८९३) जुन्या ग्रंथालयात चौकशी करून वृत्तपत्रांचे मे महिन्यातले आणि दिवाळीच्या सुटीतले अंक चाळावेत.

प्रत्यक्ष जागेवर जाण्यापूर्वी जमीनमालकाची परवानगी घ्यावी आणि पावसाळ्यात रानात शिरू नये, कारण गवतात साप असतात आणि उघडी टाकी दिसत नाही. ऑक्टोबरचा उन्हाळा सर्वांत चांगला. काँक्रीटवर मातीचा थर पातळ असतो, म्हणून तिथले गवत आधी पिवळे पडते आणि गाडलेल्या तलावाचा आकार हिरव्या गवतात आपोआप उमटतो. वर्तुळात रोवलेले गंजके बोल्ट, निळ्या फरशीचे तुकडे, कुठल्याच दाराकडे न जाणारी रॉयल पामची दुहेरी रांग यांकडेही लक्ष द्यावे. मला त्या खाचेसमोर असे बारा बोल्ट सापडले. सापडलेली वस्तू उचलू नये. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि दिनांक व अक्षांश-रेखांश त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावेत, कारण इथे पुढच्या हंगामापर्यंत त्याच जागी पाया खणला जाऊ शकतो.