बॉस हरतच नाही? लेव्हल वाढवायला पळण्याआधी या चुका टाळा

व्हिडिओ गेममध्ये डंजनच्या, म्हणजे भुयारी चक्रव्यूहाच्या, तळाशी बसलेला शेवटचा बॉस (सर्वांत ताकदवान शत्रू) भारी असणार, याची मनाची तयारी असते. खरा त्रास देतो तो मध्येच आडवा येणारा. तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं, शत्रू दोन-तीन फटक्यांत पडत असतात, आणि एका दारापलीकडे असं काहीतरी उभं असतं की क्षणात खेळ खल्लास. मग बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: आपली लेव्हल, म्हणजे आपल्या पात्राची ताकदीची पातळी, कमी पडतेय. आणि तासन्‌तास जुन्याच मजल्यांवर तेच ते शत्रू मारत बसतात. कधी याचा उपयोग होतोही. पण असा बॉस बहुधा एखाद्या विशिष्ट नियमावर बेतलेला असतो, आणि तो नियम कळला नाही तर वाढवलेली लेव्हलही वाया जाते.

कशाने मेलो ते न बघणं

मेल्या मेल्या दात-ओठ खात पुन्हा आत धावणं ही सर्वांत महाग सवय. ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’ (२००३) मधला मॅटाडोर घ्या. बऱ्यापैकी लवकर भेटतो आणि भल्याभल्यांना तिथेच अडकवतो. लढाईत तो ‘रेड कापोटे’ वापरतो. त्याने त्याची चपळाई आणि अचूकता थेट कमाल पातळीवर जाते. या गेममध्ये तुमचा वार चुकला की एकाऐवजी दोन टर्न (वार करायच्या पाळ्या) जातात, म्हणजे तुम्ही हवेत तलवार फिरवत राहता आणि तो निवांत मारत राहतो. वरवर वाटतं, आपला डॅमेज कमी आहे. प्रत्यक्षात वार लागतच नसतात. त्याची चपळाई उतरवणारे आणि आपली चढवणारे मंत्र घेतले, त्याच्या फोर्स (वाऱ्याच्या) हल्ल्यांना दाद न देणारे साथीदार राक्षस पार्टीत, म्हणजे आपल्या टोळीत, ठेवले, की हाच मॅटाडोर आवाक्यात येतो.

म्हणून पुढच्या वेळी जिंकायचा विचार सोडून फक्त बघायला आत जा. कोणता हल्ला सर्वांत जास्त हेल्थ खातो? त्याआधी तो काय करतो? तुमचे वार लागतात का, की लागूनही काही होत नाही? या तिन्ही तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे उपायही वेगळे.

‘आधी चिल्लर, मग सरदार’ हे डोळे मिटून पाळणं

बॉससोबत साथीदार असतील तर आधी ते संपवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ‘डार्क सोल्स’ (२०११) मधल्या कॅप्रा डेमनला तो तंतोतंत लागू पडतो. खोली इवलीशी, दोन कुत्री दारातच अंगावर येतात, आणि त्यांच्याशी झुंजत असताना डेमनचे दोन कोयते डोक्यावर पडतात. आत शिरताच डावीकडच्या पायऱ्या चढून वर जायचं, मागे आलेली कुत्री तिथे मारायची, आणि मग वरून डेमनवर उडी घेत वार करायचा. कुत्री गेली की अर्धी लढाई संपली.

आता तोच सल्ला ‘डार्केस्ट डंजन’ (२०१६) मध्ये पाळून बघा. स्वाइन प्रिन्स नावाच्या अवाढव्य डुकरासोबत विल्बर नावाचं छोटं पिल्लू असतं. ते तुमच्या एकेका योद्ध्यावर खूण करतं आणि प्रिन्स त्याच्यावर तुटून पडतो. साहजिकच वाटतं, आधी पिल्लू मारू. पिल्लू मेलं की प्रिन्स पिसाळतो आणि सगळ्या पार्टीला एकदम झोडपून काढतो. इथे विल्बरला हात लावायचा नाही. त्याला बेशुद्ध करून खूण रोखायची आणि सगळा मारा मोठ्यावर.

आणि ‘डार्क सोल्स’मधल्याच ऑर्नस्टीन-स्मो जोडीत तर दोघेही सरदार. एक मेला की उरलेला त्याची शक्ती घेऊन पूर्ण हेल्थनिशी उभा राहतो. म्हणजे आधी कोणाला मारायचं हे ठरवताना, नंतर कोणाशी लढायचंय ते तुम्हीच निवडता. ऑर्नस्टीनच्या झेपांनी वारंवार जीव जात असेल तर आधी तोच संपवावा, असं माझं मत. मागे उरलेल्या स्मोच्या हातोड्यात वीज येते खरी, पण त्याचं अवजडपण काही जात नाही.

सवयीचा असाच दगा ‘स्ले द स्पायर’ (२०१९) या पत्त्यांनी लढायच्या गेममधला ग्रेमलिन नॉब देतो. बचावासाठी स्किल कार्ड खेळलं की दर वेळी त्याची ताकद वाढते. जपून खेळणारेच तिथे लवकर मरतात.

न सुटणारं कोडं लेव्हलने सोडवायला जाणं

‘नेटहॅक’मधली मेड्युसा नजरेने मारते, मग तुमची हेल्थ कितीही असो. डोळ्यांवर पट्टी किंवा टॉवेल बांधा. आरसा तिच्याकडे धरलात तर तीच दगड होते. ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) मधल्या कंगॅक्स या मेलेल्या जादूगाराच्या डेमिलिच रूपावर +४ पेक्षा कमी जादुई दर्जाचं शस्त्र चालतच नाही. त्यातून तो तुमच्या माणसांना कायमचं कैद करून टाकतो. त्याच्यावर उपाय आहे मृतात्म्यांपासून संरक्षण देणारा स्क्रोल (मंत्राची गुंडाळी); वाचणारा त्याला दिसेनासा होतो. असे स्क्रोल आणि पोशन (जादुई औषधं) ‘पुढे लागतील’ म्हणून साठवणारे खेळाडू मला कधीच कळले नाहीत. हीच ती पुढची वेळ.

पळायला उशीर करणं

‘डंजन क्रॉल स्टोन सूप’मधला सिगमंड सुरुवातीच्याच मजल्यांवर विळा घेऊन फिरतो, मंत्राने तुम्हाला गोंधळवतो आणि अदृश्यही होतो. त्याला बघताच जिना गाठायचा. तो नकाशावर तुमच्या शेजारच्या चौकोनात येईपर्यंत थांबलात तर जिन्यावरून मागोमाग येतो, कारण लगतचे राक्षस पाठलाग करतात. ‘एट्रियन ओडिसी’ (२००७) मधले एफओई, म्हणजे नेहमीच्यांपेक्षा कितीतरी ताकदवान शत्रू, नकाशावर दिसतात आणि तुम्ही पाऊल टाकलं की तेही टाकतात. त्यांचा मार्ग ओळखून बगल देणं अपेक्षितच आहे. वर साध्या शत्रूशी लढत रेंगाळलात तर ते त्या लढाईतही घुसतात. ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये सुरुवातीलाच दिसणारा सोनेरी घोडेस्वार ट्री सेंटिनेलही त्यातलाच. त्याला सोडून पुढे जा, घोडा मिळवा, मग परत या.

सगळा दोष स्वतःकडे घेणं

काही बॉस वाईट डिझाइनमुळे अवघड होतात. कॅप्रा डेमनच्या खोलीत निम्मी लढाई कॅमेऱ्याशी असते. ‘डायाब्लो २’ (२०००) मधला ड्युरिएल अरुंद खोलीत थंडीने तुम्हाला मंद करतो, आणि त्या काळच्या संथ कॉम्प्युटरांवर खोली लोड होईपर्यंत त्याने मारायला सुरुवातही केलेली असे. थॉइंग पोशन (थंडीचा असर कमी करणारं औषध) पिऊन आत जाणं हा त्यातल्या त्यात इलाज.

‘डार्क सोल्स’मधला झाडासारखा बॉस बेड ऑफ केऑस तर कहरच. पायाखालची जमीन कोसळते, फांद्या तुम्हाला खड्ड्यात ढकलतात आणि अंगावरच्या चिलखताचा काही उपयोग नसतो. पण एक सोय आहे: त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना फोडायचा एकेक गोळा असतो, आणि तो एकदा फुटला की तुम्ही मेलात तरी फुटलेलाच राहतो. म्हणून एकाच फेरीत सगळं उरकायचा हट्ट सोडा. एक बाजू फोडा, मेलात तर मेलात, परत येऊन दुसरी फोडा. मग मधल्या खड्ड्यातल्या मुळावर उडी मारून आत शिरा. तिथे जो किडा आहे, तो कोणत्याही शस्त्राच्या एका फटक्यात मरतो.