नोकरीचं पहिलं वर्ष कोड वाचण्याचं

पावसाळ्याच्या सुमारास सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या मुलांची बॅच रुजू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता कोणती टेक्नॉलॉजी शिकू? पूर्वी त्यात जावा की पायथन एवढाच घोळ असे. आता त्याच्या तळाशी भीती असते. एआय कोड लिहायला लागलंय, मग आपल्याला कोण विचारणार? माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. वाचायला शिका. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचा, लॉग (सिस्टीम स्वतः करत जाते त्या नोंदी) वाचा, बंद झालेली जुनी तिकिटं (तक्रारींच्या आणि कामांच्या नोंदी) वाचा.

इंजिनिअरिंगची चार वर्षं आपण कोऱ्या फाइलपासून प्रोग्रॅम लिहितो. नोकरीत कोरी फाइल क्वचितच हाती येते. मिळते ती दहा-बारा वर्षं चाललेली सिस्टीम, आणि तिचे मूळ लेखक केव्हाच कंपनी सोडून गेलेले असतात. एखादी विचित्र अट दिसली की ती काढून टाकायचा मोह होतो. त्याआधी गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, उघडा, ती ओळ कोणत्या तिकिटासाठी आली ते शोधा. बहुतेक वेळा तिच्यामागे कोणाचा तरी खरा त्रास असतो.

वाचन म्हणजे नेमकं काय, हे मला एका मराठी अर्जांच्या सिस्टीमनं शिकवलं. तक्रार साधी होती: ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द स्क्रीनवर दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. टीमनं आधी डेटाबेसचा इंडेक्स तपासला, मग सर्च इंजिनच्या सेटिंग्ज. दोन्ही ठीक होतं. शेवटी दोन्हीकडच्या मजकुराचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) एकाखाली एक छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, लावलं तरी ते एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार वापरतो यावर अर्ज सापडणार की नाही हे ठरत होतं. ज्याचा अर्ज सापडत नाही, त्याला परत खेटे घालावे लागतात. मराठी वाचता येणारा इंजिनिअर अशा जागी फार मोलाचा असतो, आणि ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. ‘कृष्णा’ हे नाव दिसायला दोन अक्षरांचं, पण युनिकोडमध्ये 6 चिन्हं आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत 18 बाइट. नावाच्या रकान्याची लांबी ठरवताना हे कोणाच्या तरी डोक्यात असायला हवं.

मोठ्या बिघाडांचे अहवालही वाचत चला. 19 जुलै 2024 ला सकाळी आपल्याकडे ऑफिसं उघडत असतानाच क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचा एक अपडेट जगभर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं ऑगस्टमध्ये कारणांचा सविस्तर अहवाल दिला. अपडेटच्या व्याख्येत 21 इनपुट होते, आणि मशीनवरचा कोड देत होता 20. आधीच्या अपडेटमध्ये एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, म्हणून चाचण्या पास होत राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे खरी किंमत तपासायची वेळ आली, प्रोग्रॅमनं यादीच्या पलीकडची मेमरी वाचायचा प्रयत्न केला, आणि तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, चालत असल्यामुळे सगळं मशीनच बसलं. सदोष अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतला, पण अडकलेली असंख्य मशीन माणसांनी एकेक करून सेफ मोडमध्ये उघडली आणि ती फाइल पुसली. ॲरेची (यादीची) लांबी तपासणं आपण पहिल्या वर्षात शिकतो. जगातल्या विमानसेवा आणि हॉस्पिटलं अशा साध्या गोष्टीवर उभी असतात, हे कळलं की कोड रिव्ह्यूत ‘ठीक आहे’ लिहिताना हात थांबतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं ते सोडून दिलं नाही. मागोवा घेताना डेटा दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत परस्पर आत शिरण्यासाठी मुद्दाम लपवलेलं मागचं दार सापडलं. ते बहुसंख्य लिनक्स सर्व्हरांपर्यंत पोहोचण्याआधीच बंद झालं.

एआयबद्दलही मला एवढंच म्हणायचं आहे. वापरा, जरूर वापरा, मीही रोज वापरतो. पण त्यानं दिलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारा: हा कोणत्या इनपुटला मोडेल? रिकामी यादी आली तर? तारीख यूटीसी या जागतिक वेळेत असेल आणि आपण साडेपाच तास पुढे असू तर? उत्तर स्वतःला देता येत नसेल, तर तो कोड पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे मुख्य कोडात घ्या म्हणून पाठवायच्या बदलांत, घालू नका. मध्यरात्री प्रॉडक्शन (लोक वापरत असलेली खरी सिस्टीम) बंद पडल्यावर फोन तुम्हालाच येणार आहे.

सीनियरांना विचारायला लाजू नका, फक्त विचारण्याआधी चार ओळी लिहा: काय दिसलं, काय करून पाहिलं, कशाचा संशय आहे. अनेकदा लिहितानाच उत्तर सापडतं.

आणि इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘काही विचारायचं आहे का?’ असं म्हणाले, की पॅकेजच्या आधी हे विचारा: तुमच्याकडे बिघाडानंतर अहवाल लिहितात का, आणि नव्या माणसाला जुने अहवाल वाचायला मिळतात का? समोरचा उत्साहानं एखादा किस्सा सांगू लागला, तर पगार थोडा कमी असला तरी ती टीम धरा.