आजीपासून पट्टीच्या ट्रेकरपर्यंत सगळ्यांसाठी एकच वाट: चोपता-तुंगनाथ-चंद्रशिलेचं नियोजन

पुण्या-मुंबईहून हिमालयात निघालेला गट क्वचितच एकसारखा असतो. दर रविवारी गड चढणारा भाचा, गुडघे दुखणारी मावशी, आठ वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे काका असे सगळे एकाच गाडीत बसतात. अशा वेळी आधी शिखर ठरवून मग माणसं त्यात बसवायची, ही पद्धतच उलटी आहे. आधी वाट अशी निवडा की जिच्यावर ठिकठिकाणी समाधानानं थांबता येईल आणि तिथूनच परत फिरता येईल. उत्तराखंडच्या गढवालमधली चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला ही वाट तशी आहे, म्हणून तीच उदाहरणाला घेतली आहे. हिशेबाची रीत हिमालयात कुठंही लागू पडते.

आधी उंची, मग अंतर

सह्याद्रीत आपण किलोमीटर मोजतो. हिमालयात आज रात्री किती उंचीवर झोपणार, हे आधी विचारायचं. ऋषिकेश साधारण 340 मीटरवर, उखीमठ 1,300, सारी गाव 2,000, चोपता 2,700, तुंगनाथचं देऊळ 3,680 आणि चंद्रशिलेचा माथा 4,000 मीटरच्या आसपास. 4,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या थोडा वर असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. कळसूबाई 1,646 मीटर आहे. तिथं कधी दम लागला नाही, यावरून इथलं काहीच कळत नाही.

म्हणून मुक्काम असे लावा: पहिली रात्र ऋषिकेशला, पुढच्या दोन उखीमठ किंवा सारीला, त्यानंतरच्या दोन चोपत्याला. चंद्रशिलेला सकाळी जाऊन झोपायला पुन्हा 2,700 मीटरवर यायचं. वेळ वाचवायला ऋषिकेशहून थेट चोपता गाठून दुसऱ्या पहाटे माथ्याकडे निघणारे बरेच असतात. डोकेदुखी आणि उलट्यांच्या तक्रारी त्यांच्यातच जास्त. इतर ट्रेक आखताना हा नियम धरा: 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची.

कोणी कुठपर्यंत जायचं

ज्यांना चढ झेपतच नाही त्यांच्यासाठी उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर आहे. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा इथं होते. दुगलबिट्टा ते चोपता या डांबरी रस्त्यावरही देवदार आणि बुरांशाच्या (लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून हवं तेवढं चालता येतं आणि गाडी मागंपुढं ठेवता येते.

पुढची पायरी देवरियाताल. सारीहून अडीच-तीन किलोमीटर, चढ साधारण 400 मीटर, वाट बांधलेली. सकाळी लवकर पोचलात आणि वारा नसला तर 7,138 मीटर उंचीच्या चौखंबा शिखराचं प्रतिबिंब तळ्यात दिसतं. मुलं आणि साठीच्या पुढची माणसं यांची परीक्षा इथंच होऊ द्या. दुसऱ्या दिवशी कोण ताजंतवानं उठतं, ते पाहून तुंगनाथचा निर्णय घ्या.

पट्टीच्या मंडळींना देवरियातालाहून रोहिणी बुग्याल (डोंगरमाथ्यावरचं कुरण) मार्गे जंगलातून चोपत्याला चालत जाता येतं. पूर्ण दिवसाची चाल आहे. बाकीचे तोवर गाडीनं चोपत्याला पोचतात. या धारेवर पाण्याची वानवा आहे, म्हणून प्रत्येकी निदान 3 लिटर पाणी देवरियातालाहूनच भरून घ्या. जंगलात वाटा फुटतात आणि अस्वलांचा वावर आहे, त्यामुळे सारीतला स्थानिक वाटाड्या सोबत हवाच.

चोपता ते तुंगनाथ ही फरसबंद रुंद वाट साडेतीन-चार किलोमीटरची आहे आणि चढ जवळपास 1,000 मीटर. हंगामात वाटेत चहाच्या टपऱ्या असतात. त्यांनाच थांबे माना आणि कोण कुठल्या टपरीवरून परतणार, ते आदल्या रात्री ठरवा. घोडा करायचा असेल तर चढतानाच करा. उतारावर घोड्यावर बसणं नवख्याला जड जातं. समोरून घोडे आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याचा नुसता धक्काही पुरतो.

तुंगनाथच्या पुढं चंद्रशिला दीडेक किलोमीटर. इथं फरसबंदी संपते, वाट मातीची आणि खडकाळ होते आणि चढ अंगावर येतो. ज्यांचा श्वास देवळाशी अर्धा तास बसूनही ताळ्यावर येत नाही त्यांनी पुढं जायचं नाही. वय किंवा हौस इथं विचारात घेऊ नका.

वेळेचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा जुना नियम असा: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तुंगनाथसाठी हे जेमतेम अडीच तास होतात. हा आकडा सुदृढ माणसाचा आणि कमी उंचीवरचा. मिश्र गटासाठी तो दीडपट करा, म्हणजे पावणेचार तास. त्यापुढं चंद्रशिलेला सव्वा तास. उतरायला चढाच्या निम्म्याहून थोडा जास्त वेळ धरा.

पहाटे साडेपाचला निघालात तर सव्वानऊला देऊळ, दर्शन आणि विश्रांती पावणेदहापर्यंत, अकराला माथा. माथा आला नाही तरी अकरा वाजता मागं फिरायचं. कारण ढग बहुधा दुपारी भरतात आणि चंद्रशिलेवर वीज कडाडली तर लपायला आडोसा नाही. हे घड्याळ निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. माथा समोर दिसत असताना वाद घालणं कठीण जातं.

वाटेवर वेग ठरवायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्यानं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द येऊ लागले की वेग कमी करा. सगळ्यात पुढं आणि सगळ्यात मागं एकेक जाणता माणूस ठेवा. मागच्याच्या पुढं सगळे असतात, हा नियम मोडायचा नाही. कोणाला परतायचं असेल तर सोबत एक जण जातो, एकट्याला कोणी खाली पाठवत नाही.

कपडे, बूट, खाणं

उंचीबरोबर तापमान दर 1,000 मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ऋषिकेशला 30 अंश असताना चंद्रशिलेवर ते सहाच्या घरात असतं, त्यात वारा वेगळा. सुती बनियन घामानं भिजलं की थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते, म्हणून आत लवकर वाळणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, असे तीन थर घ्या. माणशी एक हेडटॉर्च, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन. उंचीवर ऊन फार भाजतं.

बूट निदान महिनाभर वापरलेले असावेत. चढताना लेस घोट्यापाशी जरा सैल ठेवा. उतरण्याआधी टाच बुटात मागं ठोकून बसवा आणि घोट्यापाशी लेस घट्ट ओढा, म्हणजे बोटं पुढं आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापा. तुंगनाथच्या फरशांवर पहाटे दव गोठलेलं असतं आणि ते दिसत नाही, घसरायला होतं. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात.

माणशी 2 लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, आणि दर तासाला थोडं थोडं खायला शेंगदाण्याची चिक्की, खजूर किंवा राजगिऱ्याचे लाडू.

त्रास ओळखणं

डोकं दुखणं आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं, हा उंचीचा त्रास समजा. तिथंच थांबा आणि आणखी वर नेऊ नका. लहान मुलं नेमकं सांगत नाहीत. मूल जेवत नसेल, उगाच चिडचिड करत असेल, पेंगत असेल तर तेच लक्षण माना.

सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, बोलणं भरकटत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवा. निदान 300 मीटर, शक्यतो 1,000. ऑक्सिमीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून थांबू नका. मदतीसाठी 112 लावा. जिल्हा रुग्णालय रुद्रप्रयागला आहे.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी तर नक्कीच.

केव्हा जायचं

मे ते जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ मिश्र गटाला सोयीचा. हवा स्वच्छ हवी असेल तर ऑक्टोबर. बुरांश फुललेला पाहायचा तर मार्च-एप्रिल, पण तेव्हा वरच्या वाटेवर बर्फ असू शकतो आणि देऊळ बंद असतं. हिवाळ्यात तुंगनाथाची पूजा मक्कूमठला होते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी आणि जळवा, म्हणून मुलं आणि वयस्कर सोबत असताना टाळाच.

ऋषिकेश ते उखीमठ हा देवप्रयाग, (गढवालमधलं) श्रीनगर, रुद्रप्रयागवरून सात-आठ तासांचा घाटरस्ता आहे. सकाळी लवकर निघा, अंधारात गाडी चालवू देऊ नका. दरड कोसळली तर रस्ता अर्धा दिवसही बंद राहतो, म्हणून परतीच्या गाडीच्या आधी एक मोकळा दिवस ऋषिकेश किंवा हरिद्वारला ठेवा आणि चोपत्याहून उतरलेल्या दिवसाचं तिकीट काढू नका.