सर्व्हेला निघताय? आधी या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की बडोद्यातल्या समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या मुलांना अचानक फील्डवर्क आठवतं. विषय चांगले निवडतात: बांधकाम मजुरांचं आरोग्य, अपंगत्व, आखाड्यातली मुलं, बाहेरून आलेली कुटुंबं. चुका मात्र दरवर्षी त्याच. त्यातल्या दोन माझ्या फारच डोक्यात जातात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीच्या शेवटी उरकून टाकू.

"घरात कोणी अपंग आहे का?"

हा प्रश्न प्रश्नावलीत दिसला की मी ती परत करतो. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात एका विद्यार्थिनीबरोबर गेलो होतो. तिने हाच प्रश्न विचारला. घरातले काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नाही हो, आमच्याकडे तसं कोणी नाही." तिने टिक केली आणि पान उलटलं. तेवढ्यात आतून आजी आल्या. एक हात भिंतीवरून सरकवत, दुसऱ्या हाताने दाराची चौकट चाचपत. मुलगी समोरच बसलेली, तरी विचारतात, "कोण आलंय रे?" काका म्हणाले, "आई आहे. वय झालंय तिचं."

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी अपंग म्हणजे ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे तो. आईचं म्हातारपण त्यात येतच नाही. म्हणून माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं ते विचारू नका, त्याला काय करताना अडचण येते ते विचारा. वॉशिंग्टन ग्रुप या अपंगत्व मोजण्याच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न याच कामाचे आहेत: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला-जिना चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला, बोलणं समजायला-समजावायला. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, थोडा त्रास, खूप त्रास, जमतच नाही. जमलं तर त्या माणसालाच विचारा, कुटुंबप्रमुखाला नको.

इथेही घाईवाले शॉर्टकट मारतातच. 'थोडा त्रास'वाल्यांनाही मोजतात आणि अख्खी गल्ली अपंग करून ठेवतात. तुलनेसाठी साधारणपणे 'खूप त्रास'पासून पुढचेच धरतात. शिवाय हा छोटा संच मानसिक आजारांसाठी बनवलेलाच नाही, आणि लहान मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे. ते न वाचता प्रश्न उचलू नका.

आणि मग येतो तो लाडका परिच्छेद: "2011 च्या जनगणनेत 2.21 टक्के अपंग होते, आमच्या पाहणीत कितीतरी जास्त, म्हणजे अपंगत्व वाढले." अरे बाबा, जनगणनेने आधी हो-नाही विचारलं आणि मग आठ प्रकारांतून एक निवडायला लावला. तू विचारलंस वेगळं. अपंगांसाठीच्या कायद्यातसुद्धा 1995 साली सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. मोजपट्टी बदलली की आकडा बदलणारच.

सकाळच्या नाक्यावरून आरोग्य मोजणं

एक गट स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यावर काम करत होता. सकाळी सातला कडियानाक्यावर, म्हणजे बांधकाम मजूर रोजच्या कामासाठी उभे राहतात त्या चौकात, पोचले, उन्हं चढायच्या आत फॉर्म भरून मोकळे. "गेल्या महिन्यात आजारी पडलात का?" जवळजवळ सगळे 'नाही'. निष्कर्षात लिहिलं होतं की शारीरिक श्रमामुळे मजुरांची प्रकृती उत्तम राहते. पाय चार्टही होता, रंगीत.

मी एवढंच विचारलं, जो आजारी आहे तो सकाळी सातला नाक्यावर कशाला येईल?

मग त्यांना संध्याकाळी घेऊन गेलो, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या कडेला प्लास्टिक ताणून राहिलेल्या कुटुंबांकडे. चुली पेटल्या होत्या. आजाराचं नावही काढायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. विचारायचं फक्त, "गेल्या दिवाळीनंतर इथे आलात तेव्हा बरोबर कोण कोण होतं?" भाकरी थापता थापता एक बाई सांगायला लागली. नवरा, तो कामावरून यायचाय. दीर होता, परांचीवरून पडला, कमरेला लागलं, दाहोदकडे गावी पाठवला. जाऊ बाळंतपणाला गेली. सासरा खोकायचा, काम होईना, म्हणून तोही गेला. म्हणजे एका चुलीवरची तीन माणसं नाक्यावरच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती. मुलांनी वही उघडी ठेवली होती, पण लिहायचं विसरून ऐकत बसली होती.

धडधाकट असतो तोच गाव सोडतो आणि मोडला की गावी परततो. त्यामुळे शहरात मोजलंत तर स्थलांतरित नेहमी ठणठणीतच दिसणार. याचं सगळ्यात भीषण उदाहरण आपल्या शेजारी, गोध्र्याला आहे. तिथल्या दगड दळायच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धारकडचे आदिवासी कामाला यायचे. छातीत सिलिका, म्हणजे दगडाची बारीक धूळ, भरून घेऊन घरी जायचे आणि तिकडे मरायचे. कारखाना एका राज्यात, मरण दुसऱ्या राज्यात. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने 238 मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ही माणसं गोध्र्यात फॉर्म वाटून कोणाला सापडली असती?

माझी सवय सांगतो, पद्धतशास्त्राच्या पुस्तकात शोधू नका. कुटुंबाच्या तक्त्यात मी एक जादा रकाना आखतो: वर्षभरापूर्वी होते, आता नाहीत. ते कुठे गेले, का गेले. जमलं तर गावचा फोन नंबर, आणि त्या गावाला एक फेरी. होळीच्या आसपास मात्र नाक्यावर जाऊच नका. दाहोद-पंचमहालची माणसं तेव्हा गावी असतात. मार्चमध्ये "मजूर सापडत नाहीत सर" म्हणत येणाऱ्यांना मी चहा पाजतो, मुदतवाढ देत नाही.

खेळाडू म्हणजे पदकवाले

पॅरा-खेळांवरच्या प्रत्येक प्रबंधात मुरलीकांत पेटकर येतात: 1972 चं पॅरालिम्पिक, हायडलबर्ग, 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. मग मेहसाणा जिल्ह्यातल्या भाविना पटेल, टोकियोत टेबल टेनिसचं रौप्य. दोघंही थोरच, वादच नाही. पण त्यांच्याबद्दल गौरवपर चार पानं लिहिलीत म्हणून समाजशास्त्र होत नाही. मैदानापर्यंत व्हीलचेअर कोण नेतं, रिक्षाचे पैसे कोण देतं, तिथल्या संडासाला पायऱ्या किती आहेत, हे विचारा. आखाड्यांचंही तेच. बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी आज येणाऱ्यांना विचारलंत तर सगळे म्हणतील व्यायामाने फायदा झाला. ज्याला नाही झाला तो घरी आहे. जुनी हजेरीवही मागा, सोडून गेलेल्यांना गाठा. मुलींनी कुठल्या वयात सोडलं ते आधी बघा.

उरलेल्या, एका दमात

"तब्येत कशी आहे?" एवढ्यावर भिस्त ठेवू नका. आयुर्मान जास्त असलेल्या केरळात आजाराच्या तक्रारी बिहारपेक्षा जास्त निघतात, हे अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं आहे. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा: किती वाजता उठलात, पाणी कोणी भरलं, मध्ये बसावं लागलं का.

स्थलांतर म्हणजे फक्त पुरुष मजूर नव्हे. लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला आलेली तुमची काकूसुद्धा जनगणनेत स्थलांतरितच आहे. बायकांच्या स्थलांतरात लग्न हेच सगळ्यात मोठं कारण असतं.

व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवून मजुरांचा अभ्यास होत नाही.

मुकादम शेजारी उभा असताना पगार आणि अपघाताबद्दल विचारू नका. त्याला आधी चहाच्या टपरीवर नेऊन बसवा, गटातला सगळ्यात बडबड्या मुलगा त्याच्याबरोबर द्या, आणि मगच बाकीच्यांनी वह्या उघडा.